शनिवारची ठरलेली कुस्ती

माझ्या आत्याला दिसेनासे झाले आहे, हे मला टीव्हीवरच्या एका कुस्तीमुळे कळले. ती कुस्ती नेहमीच्या वळणाने गेली असती, तर ते मला आणखी बरेच दिवस कळले नसते, आणि ते दिवस आत्याने स्वतःच्या घरात काढले असते. मी विज्ञान शिकले आहे. ‘असते तर’ या दोन शब्दांवर काहीही उभारू नये, हे माझ्या शिक्षणाने मला बजावून सांगितलेले आहे. तरीही त्या संध्याकाळचा विचार मला दुसऱ्या कोणत्याही रीतीने करता येत नाही.

आत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील तिला अक्का म्हणतात. काचीगुड्याच्या एका मुलींच्या शाळेत ती निवृत्तीपर्यंत खेळशिक्षिका होती. खो-खोचे सामने, कबड्डीची पंचगिरी, पावसाळ्यात वर्गातच घ्यायची कवायत, यात तिचे आयुष्य गेले. लग्न तिने केले नाही आणि त्याबद्दल कुणाला खुलासाही दिला नाही. चिक्कडपल्लीच्या बाजारामागे, दुसऱ्या मजल्यावर तिचे दोन खोल्यांचे घर होते. आम्ही मियापूरला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिने आमच्याकडे राहायला यावे, हा वडिलांचा हट्ट. तिचे उत्तर ठरलेले असे.

“ज्या दिवशी माझं मला करता येणार नाही ना, त्या दिवशी मी आपण होऊन येते. तोवर नक्को.”

“अक्का, तो दिवस आल्यावर काय उपयोग?”

“मग नको येऊ दे. मला काय धाड भरलीय?”

वडिलांनी ही अट मान्य केली होती. मान्य केली याचा अर्थ, ते दर भेटीत तो दिवस उगवल्याच्या खुणा शोधत असत: जिन्यात ती दमली का, औषधाची गोळी विसरली का. आत्यालाही हे ठाऊक होते. आपली परीक्षा चालली आहे हे ठाऊक असलेल्या माणसासारखी ती वडिलांसमोर जरा जास्तच ताठ बसे.

माझी शनिवारी अर्धी सुट्टी असे. शहराबाहेरच्या एका औषधसंशोधन केंद्रात मी काम करते. कोणत्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल, याचा आधीच्या नोंदींवरून अंदाज बांधणे, हे माझे काम. ते मला चांगले जमते, आणि चांगले जमते हे मला ठाऊक आहे. त्याच जोरावर तेव्हा मी परदेशातल्या एका विद्यापीठाकडे संशोधनाच्या जागेसाठी अर्ज केला होता. शनिवारी परतताना मी आत्याकडे उतरे आणि आम्ही दोघी टीव्हीवर परदेशी कुस्त्या बघत असू. झगमगते दिवे, कानठळ्या बसवणारे संगीत, दोरांनी वेढलेला चौकोन, हिंदीतून तारस्वरात चाललेले वर्णन. कार्यक्रम पहाटे थेट दाखवला जाई. आम्ही तो संध्याकाळी लावत असू. दिवसभरात फोनवर निकाल बघायचा नाही, हा आमचा एकमेव नियम.

या कुस्त्या ठरलेल्या असतात, हे आता कुणालाही सांगावे लागत नाही. आपल्याकडे तर त्यासाठी जुना शब्दच आहे: नुरा कुस्ती. दोन्ही पैलवानांनी आधीच ठरवून लढायचे, एकाने पडायचे, दुसऱ्याने मिरवायचे. सुरुवातीला मी या प्रकाराकडे माझ्या धंद्याच्या नजरेने पाहिले आणि महिन्याभरात त्याचे नियम काढले. मोठ्या लढतीच्या आधीच्या आठवड्यात ज्याला बेदम मार बसतो, तो मोठी लढत जिंकतो. ज्याच्या गावात कार्यक्रम असतो, तो आपल्या माणसांसमोर हरतो. पंच बेशुद्ध पडला की लबाडी होणार, आणि लबाडी होताच कुणाचे तरी प्रवेशाचे संगीत वाजून मदत धावून येणार. मारण्यासाठी खुर्ची चौकोनात आली की ती जो आणतो त्याच्याच पाठीत बसणार. एवढ्या शिदोरीवर बहुतेक निकाल आधी सांगता येत.

आत्याला मात्र सगळेच सांगता येत. लढतीआधी आम्ही दोघींनी विजेता सांगायचा आणि जिचा अंदाज चुकेल तिने चहा करायचा, असे आमचे ठरले होते. चहा मीच करीत असे.

“शास्त्रज्ञबाई,” ती सोफ्यावरूनच ओरडे, “आलं ठेचून टाक. पुस्तकात वाचून नको टाकूस.”

“तुला हे कसं कळतं, ते सांग आधी.”

“तू कोण जिंकणार ते बघतेस. मी कुणाला पडायला सांगितलंय ते बघते. पडणारा आधी कळतो.”

मी तिला एकदा म्हटले होते की, जे घडणार हे आधीच माहीत आहे ते घडल्याने आपल्या माहितीत शून्य भर पडते. मग हे बघण्यात वेळ घालवण्याला अर्थ काय?

“अगं, वरण रोज तसंच लागतं, म्हणून कुणी फेकून देतं का? उलट रोज तसंच लागतं म्हणून तर, एखाद्या दिवशी करपलं की पहिल्या घासाला कळतं.”

हे तिने मला हरवण्यासाठी म्हटले होते. पुढे ते तिच्यावरच उलटणार आहे, हे तेव्हा आम्हा दोघींना ठाऊक नव्हते.

तिचे हे वेड जुने. आमचे गाव परभणीकडचे. आजोबा नोकरीसाठी हैदराबादला आले तरी जत्रेला सगळे कुटुंब गावी जाई. जत्रेत कुस्त्यांचा फड भरे: सुरुवातीला पोरासोरांच्या नारळावरच्या कुस्त्या, शेवटी मानाची. त्या फडाकडे मुलींनी फिरकायचे नसे. आत्या आणि तिच्या मैत्रिणी एका घराच्या धाब्यावर बसून लांबूनच ऐकत. दिसत काहीच नसे. हलगी मात्र ऐकू येई. आत्या सांगायची की पैलवान नुसते अंदाज घेत असले की हलगी संथ चाले, कुणी पाय धरून पट काढला की ती दाटे, आणि चीतपट होण्याच्या ऐन क्षणी एकदम तुटे. “तुझे आजोबा घरी येऊन कुस्ती सांगायला लागले की मी त्यांना आधीच सांगायची, कोण पडलं ते. त्यांना वाटायचं पोरगी फडात चोरून आली होती. मार बसायचा राहिला एकदा.” टीव्हीवर कुस्त्या आल्या तेव्हा तिला सर्वांत मोठा आनंद कशाचा झाला असेल, तर फड पहिल्यांदा समोरून बघायला मिळाल्याचा. त्यात बायकाही लढत होत्या, हे तिला पुढे कित्येक वर्षे पुरले.

आता मागे वळून पाहताना मी जे जे सांगू शकते, ते सगळे तेव्हाही माझ्यासमोर होते. तिने वर्तमानपत्र बंद केले होते. “छपाई पार बिघडलीय त्यांची,” असे तिचे म्हणणे. दारात कुणी आले की ती आधी बोलत नसे, समोरच्याला बोलू देई. टीव्ही बघताना ती तोंड पडद्याकडे न करता किंचित खिडकीकडे करून बसे. मला वाटे, ती या सगळ्या आरडाओरड्याला थोडे हिणवते आहे. ती घरात कुठेही अडखळत नव्हती, जिना उतरून बाजारात जात होती, भाजीवालीशी हुज्जत घालत होती. नजर गेलेला माणूस ठेचकाळतो, असा माझा समज. ती ठेचकाळत नव्हती, म्हणून तिला दिसत होते. आणि जी बाई पडद्यावरची प्रत्येक गोष्ट घडण्याआधी सांगते, तिला ती घडलेली दिसत नसेल, ही शंका माझ्यासारखीला सर्वांत शेवटी येणार. आम्ही अंदाजाची अचूकता मोजतो. ती अचूक असली की पुढचे प्रश्न विचारत नाही.

त्या शनिवारी वडीलही आले होते. आमच्या घराची दुरुस्ती झाली होती आणि एक खोली त्यांनी अक्कासाठी म्हणून रंगवून घेतली होती. ते सांगायचे होते, पण ते सरळ न सांगता बाल्कनीच्या दाराशी खुर्ची ओढून फोनवर रंगाचे फोटो शोधत बसले होते. आत्या त्यांच्या वाटेला जात नव्हती. तिने मला टीव्ही लावायला सांगितले.

लढत मोठी होती. एक अनुभवी पैलवान, इतकी वर्षे लोकांचा लाडका. आणि त्याचा तरुण मित्र, ज्याला त्याने हाताला धरून वर आणल्याची गोष्ट कार्यक्रमात वर्षभर चालली होती. त्या दिवशी तरुण एकटा खलनायकाशी लढत होता. सगळे ठरल्या वाटेने चालले होते. पंच कोपऱ्यात कोसळला. खलनायकाने दोराखालून खुर्ची काढली. प्रेक्षक ओरडू लागले आणि मग त्या अनुभवी पैलवानाचे संगीत वाजले.

“आला!” आत्याने मांडीवर थाप मारली. “मी म्हटलं नव्हतं? आता बघ, खुर्ची हिसकावणार.”

त्याने खुर्ची हिसकावली. खलनायक मागे सरला. प्रेक्षकांचा आवाज छताला भिडला. मग तो लाडका पैलवान वळला आणि त्याने ती खुर्ची आपल्या मित्राच्या पाठीत घातली.

हिंदीतून बोलणारे दोघे गप्प झाले. एरवी क्षणभर न थांबणारी ती माणसे, असे काही घडले की मुद्दाम गप्प होतात. शब्द नसणे हाही त्यांच्या कामाचा भाग. प्रेक्षकांचा आवाज मात्र तसाच होता. आनंदाची गर्जना आणि धक्क्याची गर्जना यांत लांबून फारसा फरक नसतो. पडद्यावर तरुण पालथा पडला होता आणि त्याचा मित्र त्याच्याकडे थंडपणे बघत उभा होता.

“बघ, कसा उचलतोय त्याला,” आत्या म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. “पोटच्या पोरासारखा. मिठी मारली बघ. असं पाहिजे गं.”

खुर्ची दुसऱ्यांदा बसली.

मी वडिलांकडे पाहिले. ते फोनमध्ये होते. त्यांनी पडद्याकडे पाहिले नव्हते आणि अक्काचे बोलणे त्यांना कुस्तीच्या नेहमीच्या गोंगाटाचा भाग वाटले होते. थोड्या वेळाने त्यांना फोन आला आणि ते बाल्कनीत गेले. मी आत्याच्या शेजारी जाऊन बसले.

“आत्या, त्याने मिठी नाही मारली. त्याने त्याला मारलं. तुला दिसत नाहीये.”

ती पुटपुटली, “हळू बोल. तो बाहेरच आहे.”

“कधीपासून?”

“मधलं नाही दिसत. बाजूचं दिसतं सगळं. तुझा चेहरा नाही दिसत, कान दिसतात.” ती हसली. “सुंदर आहेत.”

“डॉक्टरांना दाखवलंस?”

“दाखवलं की त्याला कळणार. कळलं की मला उचलून नेणार. तिकडं चौदाव्या मजल्यावर मी काय करू, गाड्यांचे आवाज ऐकू? त्याला सांगू नक्को. इथं मला दिसायची गरज नाही. मला इथलं सगळं माहीत आहे.”

मग माझ्या ध्यानात आले की चहाची पैज तिनेच काढली होती. उकळता चहा कपात ओतण्याची वेळ माझ्यासमोर तिच्यावर कधी आलीच नव्हती. जिंकत राहणे, हा तिचा लपण्याचा मार्ग होता.

डोळ्यांचे असे आजार मला तपशिलाने ठाऊक नव्हते, पण एवढे ठाऊक होते की त्यांतल्या काहींत एकेका दिवसाला किंमत असते. मी परतताना मेट्रोत वडिलांना सांगितले. ते सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत राहिले, आणि उतरताना एवढेच म्हणाले, “मी तिच्या जिन्याकडे बघत होतो गं.”

डॉक्टरांनी सांगितले त्यात नाट्य नव्हते. दृष्टिपटलाचा मधला, बारीक बघण्याचा भाग. डाव्या डोळ्यात व्रण झाला होता. त्याचे आता काही होणार नव्हते. उजव्या डोळ्यात इंजेक्शने देऊन आहे तेवढे राखता येईल. कडेची नजर शाबूत होती आणि शाबूत राहील. “थोडं आधी आल्या असत्या, तर,” एवढे बोलून ते पुढचे वाक्य लिहू लागले. उजव्या डोळ्यातले जे उरले ते त्या संध्याकाळमुळे उरले, यात शंका नाही. मी पुन्हा त्याच जागी असेन, तर पुन्हा तेच सांगेन. म्हणून मला जे वाटते त्याला मी पश्चात्ताप म्हणत नाही. पश्चात्तापाला निदान एक चुकलेली गोष्ट लागते. खंतीला तेवढाही आधार लागत नाही.

आत्या आपल्या शब्दाला जागली. वडिलांनी काही म्हणण्याआधीच तिने बॅग भरली. रंगवलेली खोली प्रशस्त होती, उजेड भरपूर होता, आणि आमच्या घरात आल्यावर पहिल्या आठवड्यात ती आंधळी झाली.

हे मी विचारपूर्वक लिहिते आहे. चिक्कडपल्लीत तिची जी नजर गेली होती तिची कमतरता तिथल्या वस्तू भरून काढत होत्या. प्रत्येक वस्तू आपल्या ठरलेल्या जागी उभी राहून तिला वाट देत होती. आमच्याकडे कामाला येणारी बाई रोज खुर्च्या वेगळ्या लावी. आई मीठ कधी या फळीवर ठेवी, कधी त्या. वडील फोनचे चार्जर वाटेत सोडत. आत्या टेबलाच्या कोपऱ्याला धडकू लागली. एकदा तिने साखर समजून आमटीत रवा घातला. मग तिने स्वयंपाकघरात जाणे सोडले, मग पाणी मागू लागली, मग मागण्याआधी कुणीतरी आणून देऊ लागले. सुरक्षित म्हणून आम्ही तिला जिथे आणले, तिथे कशाचाही भरवसा नव्हता. मी घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरवून द्यायचा प्रयत्न केला. दोन दिवस सगळ्यांनी पाळले. माणसे कार्यक्रमातल्या पैलवानांसारखी वागत नाहीत. सांगितले तरी ठरल्याप्रमाणे पडत नाहीत.

शनिवारी मी टीव्ही लावे. वडिलांना तिच्यासाठी काही करायचे होते, म्हणून ते सकाळीच फोनवर निकाल वाचून तिला सांगून टाकत.

“अक्का, तुझा तो जिंकला. खुर्ची वगैरे काही नाही. साफ जिंकला.”

“बरं झालं,” ती म्हणे.

“बघ, आता तुला ताण नाही.”

“हौ रे. आता बघायचंच काय राहिलं?”

हा टोमणा वडिलांना कळला नाही. पुढच्या शनिवारीही त्यांनी निकाल सांगितला. मी त्यांना थांबवले, तेव्हा ते ओशाळून म्हणाले, “ठरलेलंच तर असतं सगळं. आधी कळलं काय, नंतर कळलं काय.” मीही कधीकाळी हेच म्हटले होते, फक्त जास्त अवघड शब्दांत. ठरलेले असणे आणि आपण ते ओळखून काढणे, यांच्यामध्ये जी छोटीशी जागा असते, तीत आत्या राहत होती. तेवढेच तिचे घर होते, असे म्हटले तरी चालेल. पण तिचे खरेखुरे घरही होते, आणि ते बंद होते.

त्या घराला भाडेकरू बघायचे ठरले, तेव्हा कपाटातले सामान आणायला आम्ही दोघी गेलो. जिन्यातला दिवा गेला होता. मी फोनचा उजेड करीपर्यंत आत्या वर पोहोचली होती. तिने कुलूप उघडले, आत शिरली, न चाचपडता खिडकीशी गेली आणि खिटी काढली. बाजाराचा आवाज आत आला. कित्येक आठवड्यांत मी तिला एवढ्या वेगाने चालताना पाहिले नव्हते. ती खाटेवर बसली. चेहरा थेट माझ्यासमोर, म्हणजे मधली मी तिला दिसणार नाही असा, केला.

“डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा राहील. इंजेक्शनला मी इथूनही जाऊ शकते.”

“बाबा एकटीला राहू देणार नाहीत.”

“एकटी नाही म्हणत मी. तू येतेस का राहायला? तुझं काम इथून काही लांब नाही. दोघी राहिलो तर तुझा बाप नाही म्हणणार नाही.”

विद्यापीठाचे पत्र त्याच आठवड्यात आले होते. जागा मला मिळाली होती. कळवायला अवधी होता आणि मी अजून कळवले नव्हते. मी घरी सगळ्यांना सांगितले होते, पेढेही वाटले होते, पण होकार पाठवायचा राहिला होता. का राहिला होता, हे मी स्वतःला विचारले नव्हते. त्या खाटेसमोर उभी असताना मी पहिल्यांदा ते विचारत होते, आणि उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते. हे मी माझ्या बचावासाठी लिहीत नाही. माझ्या मनात खरोखर दोन्ही बाजू समान उभ्या होत्या, आणि अशी वेळ माझ्यावर क्वचित येते.

“राहू दे,” आत्या म्हणाली. “तू जाणार आहेस. मला माहीत आहे.”

आवाजात राग नव्हता. लढतीआधी निकाल सांगावा, तसे तिने ते सांगितले होते. मी पुढे काय म्हटले असते ते मला ठाऊक नाही. पण तिने निकाल सांगून टाकल्यावर दुसरे काही म्हणायला मला जागा सापडली नाही. मी कपाट उघडून तिच्या साड्या काढू लागले. त्याच रात्री मी विद्यापीठाला होकार कळवला, आणि पुढच्या महिन्यात चिक्कडपल्लीच्या घरात एक तरुण जोडपे राहायला आले.